निराधारांना खोटे बोलायला लावणारी २१ हजारांची अट बदला

प्रति,
मा. मंत्री, सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभाग, महाराष्ट्र शासन,
तसेच विधानसभा व विधान परिषदेचे मा. सदस्य

विषय : संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना यांची उत्पन्नमर्यादा, वयाच्या ६५ व्या वर्षी तुटणारे अर्थसहाय्य आणि अनुदान मिळण्याची तारीख यांबाबत.

महोदय, महोदया,

मी मराठवाड्यात तालुक्याच्या गावी राहणारा जिल्हा परिषदेचा निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. निवृत्त झाल्यापासून वृद्ध, विधवा, परित्यक्ता आणि दिव्यांग माणसांचे अर्ज भरून देणे, त्यांचे दाखले जमवणे आणि अर्जावर त्रुटी निघाली की ती दूर करून देणे हे काम मी करत आलो आहे. या योजनांविषयी अनेक तक्रारी ऐकायला मिळतात आणि त्यांतल्या बहुतेक खऱ्या असतात. तरीही आज एकच गोष्ट आग्रहाने मांडायची आहे, कारण बाकीच्या अनेक तक्रारींचे मूळ तिच्यात आहे. ती गोष्ट म्हणजे कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असले पाहिजे, ही अट.

दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५०,००० रुपये करण्यात आली, त्याचे स्वागत आहे. पण विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेले रुग्ण आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसलेले वृद्ध यांच्यासाठी ती दशकाहून अधिक काळ जिथल्या तिथे आहे. वर्षाला २१,००० म्हणजे महिन्याला १,७५० आणि दिवसाला साधारण साडेसत्तावन्न रुपये, आणि तेही एका माणसाचे नव्हे, अख्ख्या कुटुंबाचे. घरगुती गॅसची एक टाकी आज साडेआठशेच्या पुढे गेली आहे. मीठ-मिरचीसह दोन माणसांचा महिना १,७५० रुपयांत निघेल, असे आपल्या विभागातील कोणताही अधिकारी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही.

सरकारच्याच दुसऱ्या एका आकड्याशी ही अट ताडून पाहावी. रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रातील मजुरीचा दर २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये ठरला होता. घरातल्या एका माणसाने वर्षात ६८ दिवस काम केले, तर त्याची मजुरी २१,२१६ रुपये होते आणि त्याचे कुटुंब निराधार योजनेच्या मर्यादेबाहेर जाते. त्या कायद्याने हमी दिलेले १०० दिवस पूर्ण भरले, तर रक्कम ३१,२०० रुपये होते. म्हणजे एका कायद्याने गरिबाला जितके काम देण्याचे वचन दिले, तितके काम त्याने खरोखर केले की दुसऱ्या योजनेत तो गरीब उरत नाही. ज्या राज्याने १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी उभी केली, तिला १९७७ मध्ये कायद्याचे रूप दिले आणि देशाने पुढे ती उचलली, त्या राज्यात ही विसंगती इतकी वर्षे कोणाला खटकू नये, याचे वाईट वाटते.

राज्य सरकारकडे गरिबी मोजायची मापे तरी किती आहेत, हे पाहावे. स्वस्त धान्यासाठी प्राधान्य कुटुंब ठरवताना ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरी भागात ५९,००० रुपयांची मर्यादा धरली जाते. २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील व्यक्तीला चष्मा, श्रवणयंत्र, काठी यांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात आणि तिथे मर्यादा २ लाखांची आहे. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत ती अडीच लाखांची आहे. या सगळ्यांत सर्वांत कठोर माप लावले जाते ते नवरा गेलेल्या बाईला आणि हात-पाय थकलेल्या म्हाताऱ्याला. रेशनच्या धान्यापुरते ज्याला राज्य गरीब मानते, त्यालाच तहसील कार्यालयात पेन्शनीपुरते सुस्थितीतला ठरवले जाते. दोन्ही निर्णय एकाच शासनाचे आहेत आणि शिधापत्रिकेची नोंद नि उत्पन्नाचा दाखला ही दोन्ही कागदपत्रे त्याच महसूल यंत्रणेतून निघतात.

आता ही अट प्रत्यक्षात कशी चालते, ते सांगतो. अर्जाला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि तो तलाठ्याच्या अहवालावर मिळतो. अट माहीत असलेला अर्जदार, सेतू केंद्रातला मुलगा आणि खुद्द तलाठी या तिघांनाही उत्पन्न २१,००० च्या वर दाखवून चालणार नाही, हे ठाऊक असते. म्हणून बहुतेक दाखल्यांवर एकसारखेच आकडे दिसतात : १८,०००, २०,०००, २१,०००. अर्जदार स्वयंघोषणापत्रावर अंगठा उठवतो. त्या कागदावर खाली छापलेले असते की माहिती खोटी आढळल्यास कायदेशीर कारवाईस मी पात्र राहीन. आयुष्यात कोणाचा छदाम बुडवला नाही अशा माणसाला सत्तरीत शासनासमोर पहिला खोटा कागद करावा लागतो आणि तोही शासनाच्याच अटीपायी.

जे असे करत नाहीत, त्यांचे काय होते, तेही सांगतो. आमच्या भागातल्या एक आजी. नवरा जाऊन बरीच वर्षे झाली, शेत नाही, राहायला पत्र्याची एक खोली. सोयाबीनच्या काढणीला आणि कापूस वेचायला त्या अजून जातात, मुलगा पुण्यात बांधकामावर आहे आणि सणावाराला काही पाठवतो. तलाठी आप्पांनी विचारले तेव्हा त्यांनी मजुरीचे दिवस बोटांवर मोजून खरे ते सांगितले, मुलगा पाठवतो तेही सांगितले. दाखला ३६,००० चा निघाला. अर्ज नामंजूर झाला आणि शेरा आला, "उत्पन्न विहित मर्यादेपेक्षा अधिक." तो कागद घेऊन त्या माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांना कळेना की आपण चुकीचे काय सांगितले. मी त्यांना इतकेच सांगू शकलो की चूक त्यांची नाही. त्याच गल्लीत ज्यांनी एजंटाच्या हातावर पैसे ठेवून २०,००० चा दाखला काढला, त्यांचे पैसे सुरू झाले आहेत. त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही, तेही गरीबच आहेत. पण खरे बोलणाऱ्याचे अनुदान नाकारणारा नियम शासनाच्या नावाने चालू राहावा, हे मला मान्य नाही.

मर्यादा सैल केली की बोगस लाभार्थी घुसतील, असा युक्तिवाद केला जातो. तो गंभीरपणे घ्यायला हवा, कारण बोगस लाभार्थी असतात. लाडकी बहीण योजनेत हजारो पुरुषांनी आणि शासकीय नोकरीतल्या महिलांनी पैसे घेतल्याचे २०२५ मध्ये शासनानेच सांगितले. पण अविश्वसनीय मर्यादेमुळे बोगस माणूस अडत नाही. खरा गरीब आणि वशिल्याचा माणूस या दोघांच्याही दाखल्यावर २०,००० हाच आकडा असेल, तर तो दाखला पाहून अर्ज मंजूर करणाऱ्या तालुका समितीला कोण खरा आणि कोण खोटा हे ओळखता येणार कसे? दाखल्यावर ४५,००० किंवा ८०,००० हे खरे आकडे लिहिण्याची मुभा असेल, तरच दोन लाखवाला वेगळा दिसेल. आज सगळे एका रांगेत आणून ठेवल्यामुळे कोणाला वगळायचे हे प्रत्यक्षात उत्पन्नावर ठरतच नाही. ओळख कोणाची, कोणत्या सदस्याचे शिफारसपत्र आहे, गावात कोणत्या गटाची सत्ता आहे, यांवर ते ठरण्याची वाट मोकळी राहते. शिवाय वर्षानुवर्षे पैसे घेणाऱ्या माणसाच्या डोक्यावर फेरतपासणीची टांगती तलवार राहते. मर्यादेपेक्षा अधिक कमावणारे शोधायचे ठरवले, तर आज यादीत असलेल्यांपैकी फार थोडे टिकतील आणि वगळले जाणारे बहुतेक जण खरोखर निराधार असतील.

कुटुंब कोणाला म्हणायचे, हा प्रश्न याच अटीला चिकटलेला आहे. मुलगा मुंबई-पुण्यात, त्याचा संसार तिकडे, पण शिधापत्रिकेवर त्याचे नाव आईबरोबर आहे. मग कार्यालयात सांगतात की रेशनकार्ड विभक्त करून आणा. अनेक आयांना मुलाचे नाव कार्डावरून कमी करायचे म्हणजे काहीतरी अशुभ वाटते. कार्ड वेगळे करायला पुन्हा पुरवठा विभागात खेटे घालावे लागतात. मुलगा आईला किती पैसे पाठवतो, याचा या कागदांत कुठेही विचार नसतो. मुलगा आहे एवढी एक नोंद आईच्या विरोधात पुरेशी ठरते.

यापेक्षाही बोचणारी गोष्ट वयाच्या ६५ व्या वर्षी घडते. लाडकी बहीण योजना २१ ते ६५ वर्षे वयाच्या महिलांसाठी आहे. २८ जून २०२४ च्या शासन निर्णयाने ती सुरू झाली, महिन्याला १,५०० रुपये मिळू लागले आणि ग्रामीण भागात त्या पैशांनी औषधे आली, नातवंडांच्या वह्या आल्या, बायकांच्या हातात स्वतःचा पैसा आला. मी त्या योजनेच्या विरोधात नाही. माझा प्रश्न निराळा आहे. ज्या बाईच्या घरचे उत्पन्न वर्षाला ८०,००० आहे, तिला ६४ व्या वर्षी १,५०० रुपये मिळतात. ती ६५ ओलांडते आणि यादीतून तिचे नाव जाते. तिने श्रावणबाळ योजनेत अर्ज करावा, असे तिला सांगितले जाते. तिथे मर्यादा २१,००० ची आहे आणि तिचे घर त्यात बसत नाही. मजुरी करण्याची ताकद सर्वांत कमी झालेली असते, दवाखान्याचा खर्च सर्वांत वाढलेला असतो, नेमक्या त्या महिन्यापासून राज्याची मदत बंद होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये या योजनेतून सुमारे ५ लाख महिलांना अपात्र ठरवल्याचे महिला व बालविकास विभागाने जाहीर केले. त्यांत वयाची ६५ वर्षे पूर्ण झालेल्या १ लाख १० हजार महिला होत्या. त्यांतल्या किती जणींना श्रावणबाळचे अनुदान सुरू झाले, हे विभागाने सभागृहात सांगावे, अशी माझी मागणी आहे.

या स्त्रियांची सगळी माहिती शासनाकडे आहे. आधार, बँक खाते, जन्मतारीख, उत्पन्नाची घोषणा, सप्टेंबर २०२५ पासून सुरू झालेल्या ई-केवायसीची नोंद, सगळे आहे. ज्या महिन्यात एखादीला ६५ पूर्ण होतात, त्या महिन्यात तिचे नाव एका विभागाच्या यादीतून दुसऱ्या विभागाच्या यादीत आपोआप जावे, त्यासाठी नवा अर्ज, नवा दाखला, नवी समिती काही लागू नये. तिचे १,५०० रुपये आदल्या महिन्यापर्यंत राज्याच्या खर्चात धरलेलेच होते.

याच यादीत आणखी २ लाख ३० हजार महिला अशा होत्या, ज्यांना संजय गांधी योजनेचे अनुदान मिळते म्हणून वगळण्यात आले. एका व्यक्तीला दोन योजनांचे पैसे नकोत, हे तत्त्व समजण्यासारखे आहे. पण त्यातून निघणारा अर्थही सरकारने पाहावा. अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या बाईला १,५०० आणि २१,००० च्या आतल्या निराधार विधवेलाही १,५००. मग निराधारपणासाठी म्हणून राज्य वेगळे काय देते? १९८० मध्ये संजय गांधी निराधार योजना सुरू झाली, तेव्हा केंद्राची राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तीवेतन योजना यायला अजून १५ वर्षे होती. ज्याला कोणी नाही त्याला राज्य आहे, हा विचार महाराष्ट्राने देशाच्या आधी अमलात आणला होता. आज त्याच योजनेतल्या बाईला इतरांहून अधिक काही मिळत नाही, कागद मात्र इतरांहून अधिक द्यावे लागतात.

रकमेविषयी मी थोडक्यात लिहितो, कारण तिच्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. हे अनुदान २०१९ मध्ये ६०० वरून १,००० झाले आणि २०२३ मध्ये १,५००. ऑगस्ट २०१९ चा शासन निर्णय विधानसभा निवडणुकीच्या दोन महिने आधी निघाला होता. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत सत्तारूढ महायुतीने लाडक्या बहिणींबरोबरच वृद्ध निवृत्तीवेतनधारकांनाही २,१०० रुपये देण्याचे वचन दिले. दिव्यांगांचे अनुदान २०२५ च्या ऑक्टोबरपासून २,५०० करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तो चांगलाच झाला. वृद्ध आणि विधवा यांचे २,१०० कधी होणार, याचे उत्तर त्यांना मिळालेले नाही. शेजारच्या गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत ज्येष्ठांना २,००० मिळतात, केरळने २०२५ च्या अखेरीस रक्कम २,००० केली, हरियाणा ३,००० च्या पुढे गेले आणि आंध्र प्रदेशात १ जुलै २०२४ पासून ४,००० रुपये दिले जातात. महाराष्ट्राला परवडत नाही म्हणावे, तर या राज्यांचा महसूल आपल्याहून मोठा नाही.

मला रकमेपेक्षा महत्त्वाचे वाटते ते तिच्या वाढीचे सूत्र. मला सेवानिवृत्ती वेतन मिळते आणि त्यावरचा महागाई भत्ता किमतींच्या निर्देशांकानुसार वर्षातून दोनदा ठरतो. त्यासाठी मला मोर्चा काढावा लागत नाही आणि निवडणुकीची वाट पाहावी लागत नाही. हे मला हक्काचे वाटते, कारण सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ च्या निकालात सांगून ठेवले आहे की निवृत्तीवेतन ही मालकाच्या मर्जीची मेहेरबानी नाही. ज्या शाळेत मी शिकवले, तिच्या भिंतींच्या विटा ज्या बायकांनी डोक्यावरून वाहिल्या, त्यांच्या म्हातारपणाला हे सूत्र का लागू नसावे? किराणा दुकानात तेलाचा भाव दोघांनाही एकच असतो. राजस्थानने २०२३ च्या किमान उत्पन्न हमी कायद्यात पेन्शनीत दरवर्षी १५ टक्के वाढ लिहूनच ठेवली. बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांच्या पुढाकाराने २०१२ मध्ये उभ्या राहिलेल्या पेन्शन परिषदेने मागितले होते ते किमान वेतनाच्या निम्मे मासिक निवृत्तीवेतन, महागाईशी जोडलेले. हमाल, कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायका, मोलकरणी यांच्यासाठी आयुष्य घालवलेल्या माणसाने पुण्यातून उचललेली ही मागणी आहे, ती महाराष्ट्राला परकी नाही.

केंद्राच्या वाट्याविषयी राज्य शासनाने दिल्लीत आवाज उठवायला हवा. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तीवेतन योजनेत ६० ते ७९ वयोगटासाठी केंद्र महिन्याला २०० रुपये देते. २००७ मध्ये योजनेला हे नाव मिळाले, तेव्हाही २०० च होते. त्यानंतर बाजारातल्या किमती जवळजवळ तिप्पट झाल्या. विधवा आणि दिव्यांगांसाठीचे ३०० रुपये २०१२ पासून हललेले नाहीत. संसदेच्या ग्रामविकासविषयक स्थायी समितीने ही रक्कम वाढवण्याची शिफारस पुन्हा पुन्हा केली आहे. महाराष्ट्राच्या ४८ खासदारांनी पक्ष बाजूला ठेवून हा विषय एकत्र मांडला, तर तो टाळणे केंद्राला कठीण जाईल.

आता तारखेविषयी. सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात २८ नोव्हेंबर २००१ च्या अंतरिम आदेशात राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तीवेतन दर महिन्याच्या ७ तारखेपर्यंत द्यावे, असे स्पष्ट सांगितले होते. आमच्याकडे "पगार आला का, गुरुजी?" हा प्रश्न महिन्याच्या कोणत्याही दिवशी विचारला जातो, कारण तो कधी येईल हे कोणालाच माहीत नसते. कधी दोन-तीन महिन्यांचे एकदम जमा होतात, कधी सणाच्या तोंडावर येतात. उशिरा का होईना पण मिळतात ना, असे म्हणणाऱ्याने रक्तदाबाची गोळी उधारीवर मिळत नाही, हे लक्षात घ्यावे. आंध्र प्रदेशात महिन्याच्या १ तारखेला गाव सचिवालयाचा कर्मचारी घरी जाऊन पेन्शन देतो. इतके जमले नाही, तरी तारीख पाळणे जमायला हरकत नाही.

डिसेंबर २०२४ पासून अनुदान तहसील कार्यालयाऐवजी थेट लाभ हस्तांतरणाने आधारशी जोडलेल्या खात्यात जाऊ लागले. मधले टप्पे कमी झाले, हा बदल योग्यच आहे. पण ज्यांचे आधार कुठल्या खात्याला शेवटचे जोडले गेले, हे त्यांना स्वतःलाच माहीत नाही, त्यांचे पैसे हरवल्यासारखे झाले. एका काकूंचे पैसे कित्येक महिने आले नाहीत म्हणून त्या तहसीलच्या चकरा मारत होत्या. शेवटी कळले की कधीकाळी कोणीतरी गावात शिबिर घेऊन उघडून दिलेल्या, पासबुकही हाती नसलेल्या एका खात्यात ते जमा होत होते. ते काढायला गेल्या तर मशीनवर अंगठा उमटेना. मिनी बँकेतल्या मुलाने त्यांचे बोट ओल्या फडक्याने पुसून, कोरडे करून, पुन्हा दाबून पाहिले, मग दुसरे, मग तिसरे. चाळीस वर्षे खुरपे धरलेल्या बोटांवर रेषा शिल्लक नव्हत्या. यावर उपाय अवघड नाहीत. कोणाचे पैसे कोणत्या बँकेत गेले, याची यादी दर महिन्याला ग्रामपंचायतीला मिळावी, खाते क्रमांक न देता फक्त बँकेचे नाव आणि शाखा असली तरी पुरे. ज्यांचे ठसे उमटत नाहीत, त्यांना बँकेने पर्याय नाकारू नये. हयातीच्या दाखल्यासाठी ऐंशीच्या पुढच्या आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला रिक्षात घालून तालुक्याला आणायला लावण्यापेक्षा ग्रामसेवक किंवा आशाताईंनी घरी जाऊन खात्री करावी.

वयाच्या पुराव्याचेही असेच आहे. आमच्या पिढीच्या आधीच्या बहुसंख्य बायकांचा जन्म कुठे नोंदलेला नाही. आधार काढताना मशीनवरच्या मुलाने अंदाजाने वर्ष टाकले आणि तारीख १ जानेवारी. आता थोरली बहीण ६१ ची आणि धाकटी ६७ ची निघते. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, असे एकीकडे सांगितले जाते आणि दुसरीकडे आधारवरचे वय पुढे करून अर्ज परत केला जातो. या योजनेच्या नियमांत मतदार यादीतील वय आणि शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्याचा वयाचा दाखला यांची सोय आहे, ती कार्यालयांनी स्वीकारलीच पाहिजे, असे परिपत्रक विभागाने काढावे.

खर्चाचा प्रश्न मी टाळत नाही. मर्यादा वाढवली की लाभार्थी वाढतील आणि खर्चही वाढेल. पण २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजनेसाठी ३६,००० कोटी रुपयांची तरतूद झाली, तेव्हा राज्याने इतके करता येते हे दाखवून दिले. त्याच वर्षी मे महिन्यात सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी रुपये त्या योजनेकडे वळवले गेले आणि या विभागाच्या मंत्र्यांनीच त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली होती. ती नाराजी रास्त होती. म्हणूनच या विभागाकडे मी अपेक्षेने पाहतो आहे. संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये वार्धक्य, आजार आणि विकलांगता यांत सार्वजनिक साहाय्याचा हक्क देण्याविषयी राज्याला निर्देश आहे. आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत, असेही तिथे म्हटले आहे. त्या क्षमतेतून कोणाला आधी द्यायचे, हा क्रम ठरवताना सर्वांत निराधार माणूस सर्वांत शेवटी येऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

म्हणून माझी विनंती अशी आहे. येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात २१,००० ची मर्यादा तातडीने किमान ५०,००० करावी, जी दिव्यांगांना आधीच लागू आहे, आणि ६५ वर्षांवरील सर्वांसाठी ती लाडकी बहीण योजनेइतकी म्हणजे अडीच लाख करावी. दोन्ही योजनांची मर्यादा आणि रक्कम दरवर्षी १ एप्रिलला महागाईच्या निर्देशांकानुसार आपोआप बदलेल, असे नियमातच लिहावे. ६५ वर्षे पूर्ण होणाऱ्या बहिणींचे नाव विनाअर्ज श्रावणबाळ योजनेत वर्ग करावे. अनुदान दर महिन्याच्या ७ तारखेच्या आत जमा करावे आणि झाले नाही तर का झाले नाही, ते तहसील कार्यालयाच्या फलकावर लिहावे. तालुका समिती नेमलेली नसेल, तर अर्ज तिच्यासाठी पडून राहू नयेत, तहसीलदारांनी ठरावीक मुदतीत निर्णय द्यावा. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने मुदतीचे तत्त्व आपण स्वीकारलेलेच आहे.

आणि मर्यादा बदलल्यावर, "उत्पन्न विहित मर्यादेपेक्षा अधिक" असा शेरा मारून गेल्या पाच वर्षांत नामंजूर केलेले सगळे अर्ज प्रत्येक तहसील कार्यालयाने स्वतःहून पुन्हा उघडावेत. त्या अर्जदारांनी आपले उत्पन्न खरे सांगितले होते. त्यांची नावे, पत्ते आणि दाखले त्याच कार्यालयाच्या कपाटात आहेत, त्यांना पुन्हा रांगेत उभे करू नये. आमच्या तालुक्यातले हे अर्ज तपासून द्यायला आणि ज्यांचे आहेत त्यांच्या घरी निरोप पोचवायला मी आणि माझे निवृत्त सहकारी विनामोबदला तयार आहोत, विभागाने लेखी परवानगी द्यावी.

आपला नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, मराठवाडा